पलंग नंबर सात

रायपुरात गुप्तहेर पुष्कळ असतील, पण ते गुप्त राहतात, त्यामुळे त्यांचा कोणाला उपयोग होत नाही. मी ती चूक केली नाही. आमच्या बुढापारा मोहल्ल्यात कोणालाही विचारा, प्रल्हाद मेश्राम कोण? चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे तुम्हाला माझ्या दारापर्यंत आणून सोडतील आणि जाताना तुमच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहतील. मोठ्या माणसाला भेटायला जाणाऱ्याकडे लोक असंच पाहतात.

माझी नजर इतकी तीक्ष्ण आहे की चष्मा मी केवळ तिला थोडा आराम मिळावा म्हणून लावतो. गुन्ह्याचा वास मला लांबूनच येतो. बुढापाऱ्यातलं गॅस लायटरचं गाजलेलं प्रकरण मीच सोडवलं. दोन शेजारणींमधली बोलाचाल तुटायला आली असताना मी तपास हातात घेतला आणि लायटर सापडलं. ते माझ्याच कुर्त्याच्या खिशात सापडलं, हा तपशील इथं महत्त्वाचा नाही.

गुप्तहेर होण्याआधी मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होतो. उभी नोकरी मी पार्सलांना सील ठोकण्यात घालवली. त्या नोकरीनं मला शिकवलं की जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, सीलबंद आणि संशयास्पद. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी घड्याळ देऊ केलं, मी लाल लाखेची कांडी मागून घेतली. तेव्हापासून आमच्या घरात लोणच्याची बरणी, औषधांचा डबा आणि शिलाई मशीनचा खण सीलबंद आहेत. लोणचं हवं असलं की शर्मिष्ठा नवी बरणी आणते.

शर्मिष्ठा म्हणजे माझी बायको, सरकारी शाळेत शिक्षिका आणि माझी सहायक. यातलं शेवटचं पद तिनं अजून स्वीकारलेलं नाही.

आता प्रकरणाकडे येतो. नीलिमा माझी भाची. माझी ताई गेल्यापासून पोरीचं दुपारचं जेवण आमच्याकडेच असतं, त्यामुळे ती अर्धी आमची आहे. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ती हिशेबाच्या टेबलावर बसते आणि मन मात्र तिचं मशिनींत असतं. गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं एक छोटी मोटरसायकल बांधली. इंजिन भंगारातलं, चाकं एका जुन्या मोपेडची, टाकी तिसऱ्याच कुठल्या गाडीची, आणि सांगाडा घरातल्या लोखंडी पलंगाच्या पाइपांचा. सगळ्यावर लालभडक रंग. गाडीचं नाव काही तरी इंग्रजी ठेवायचा तिचा विचार होता, पण घरात सगळे तिला पलंगच म्हणायला लागले आणि तेच नाव पक्कं झालं.

नीलिमाचे वडील हिरालाल, म्हणजे माझे भाऊजी, रेल्वेच्या वॅगन कारखान्यात आहेत. माणूस दिवसाला जेमतेम दहा शब्द बोलतो आणि बोललेला शब्द मागं घेत नाही. त्यांच्या घराला रस्त्याकडे शटर असलेली एक खोली आहे. नीलिमाला तिथं गॅरेज काढायचं होतं. एक मोबाइलवाला ती खोली भाड्यानं मागत होता. भाऊजींनी फैसला सांगितला होता.

"मेळाव्यातली शर्यत पुरी केली त खोली तुही. अर्ध्यात बंद पडली त मोबाइलवाल्याची."

पहिला नंबर नको, दुसरा नको, नुसती शेवटची रेघ ओलांडायची. मेळावा म्हणजे उरला वसाहतीच्या पुढच्या मुरमाच्या मैदानावरचा गाड्यांचा दोन दिवसांचा जमाव. शनिवारी सराव, रविवारी शर्यती, आणि त्यात एक शर्यत खास घरी बांधलेल्या छोट्या गाड्यांची. माझ्या भाचीचं अख्खं आयुष्य दोन दिवसांवर आलेलं पाहून मी पलंगाच्या सुरक्षेची जबाबदारी कोणी न सांगताच घेतली.

आणि शुक्रवारीच मला पहिला धागा सापडला.

गाडी अंगणात उभी होती. नीलिमा हात धुवायला गेली होती. मी टाकीची तपासणी करत होतो, तर झाकणाच्या मधोमध एक भोक. सुईनं पाडावं इतकं बारीक. आदल्या रविवारी ते नव्हतं, कारण आदल्या रविवारी मी त्या झाकणावर चहाचा कप ठेवला होता आणि मला झाकणाचा चेहरा आठवतो. भोकाच्या कडा अजून चकाकत होत्या. म्हणजे कुणीतरी ताजं ताजं पाडलेलं. कशासाठी? गाडीचं वाटोळं करायचं असेल तर पेट्रोलमध्ये साखर घालतात, हे मी कुठंतरी ऐकलं होतं. आख्खी साखर त्या भोकातून जाणार नाही, पण पाक जाईल. इंजेक्शननं.

दुसरा कोणी असता तर आरडाओरडा करून शत्रूला सावध केलं असतं. मी खिशातून लाखेची कांडी काढली, काडी ओढली, आणि ते भोक सफाईनं बंद केलं. काडी ओढताना टाकीत पेट्रोल नव्हतं हे माझं नशीब, असं शर्मिष्ठा नंतर म्हणाली. लाख लाल, झाकण लाल. वरून बोट फिरवलं तरी कळू नये असं काम झालं. चाळीस वर्षांचा हात होता तो. मी कोणालाही काही बोललो नाही. गुप्तता ही तपासाची पहिली पायरी आहे.

शनिवारी पलंग मैदानावर उतरला तेव्हा लोक हसले. मग नीलिमानं किक मारली आणि गाडीनं असा आवाज काढला की हसणारे मागं सरले. दोन चकरा तिनं अशा मारल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळही होती म्हणा. तिसऱ्या चकरेत मात्र पलंग खोकला, अडखळला आणि बंद पडला.

मी धावत गेलो. नीलिमा प्लग काढून पुसत होती.

"काय झालं, बेटा?"

"मालूम नाई ना मामाजी. अचानक दम गेला तिचा."

मी लगेच टाकीचं झाकण उघडलं. फुस्स असा बारीक आवाज झाला. मी बोट बुडवलं आणि चाखलं. पेट्रोल गोड नव्हतं. झाकण लावलं, सील शाबूत होतं. तेवढ्यात नीलिमानं प्लग बसवून किक मारली आणि गाडी पहिल्याच किकेला सुरू.

"प्लगच होता," ती म्हणाली.

मी मनातल्या मनात हसलो. गुप्तहेर जवळ आला की गुन्हा मागं सरतो, हे तिला काय ठाऊक.

दुपारपर्यंत हेच चाललं. दोन चकरा, तिसरीत बंद. मी जायचो, झाकण उघडायचो, फुस्स व्हायचं, चाखायचो, बंद करायचो. गाडी सुरू. नीलिमानं प्लग बदलला, वायर बदलली, कार्ब्युरेटर उघडून फुंकला. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता दोष सापडला. संध्याकाळपर्यंत माझ्या जिभेची चव गेली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. भाऊजी दोरीपलीकडे हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या शेजारी मोबाइलवाला उभा होता आणि तो फार प्रसन्न दिसत होता.

जिथं पेट्रोल शुद्ध, सील शाबूत, आणि गाडी तरी बंद पडते, तिथं कट असतो. मी संशयितांची छाननी सुरू केली.

पहिला संशयित इंद्रजीत. पुण्याहून नवा रायपूर या नव्या शहराच्या कुठल्याशा सरकारी प्रकल्पात आलेला इंजिनिअर. त्याचीही घरी बांधलेली गाडी होती, चंदेरी रंगाची, आणि इतकी नीटनेटकी की तिच्याबद्दल आपोआप मनात राग यावा. हा मुलगा सारखा पलंगाजवळ यायचा आणि वाकून टाकीखाली पाहायचा. मी झाडामागून त्याच्यावर नजर ठेवली. मैदानावर झाड नव्हतं म्हणून मी एका बकरीमागे उभा राहिलो. ती काळी बकरी दिवसभर मैदानात मोकाट हिंडत होती आणि आयोजक तिच्यापुढे हरले होते. बकरीमागून मी जे पाहिलं त्यानं माझ्या अंगावर काटा आला. इंद्रजीतच्या हातात इंजेक्शनची सिरिंज होती.

दुसरा संशयित खुद्द भाऊजी. सांगताना जीव तुटतो, पण पलंग त्यांचा होता. ताईच्या लग्नातला पलंग. पोरीनं तो कापून गाडी केली आणि भाऊजी तेव्हापासून खाली गादी टाकून झोपतात. यापेक्षा मोठं कारण काय पाहिजे? शिवाय त्यांनी रुमाल काढला तेव्हा सदऱ्याच्या खिशातून कागदाची एक पुडी पडली. मी ती त्यांच्याआधी उचलली. आत साखर होती.

एकाकडे साखर. दुसऱ्याकडे सिरिंज. मला त्या रात्री झोप लागली नाही.

रविवारी शर्यतीच्या तासभर आधी मी सगळ्यांना आमच्या तंबूत जमवलं. आजूबाजूच्या तंबूंतले लोकही फुकटच्या तमाशाला आले. मोबाइलवाला खुर्ची घेऊन आला. शर्मिष्ठा कोपऱ्यात स्टोव्ह पेटवत होती. मंडळींसाठी भजी करायचा तिचा बेत होता.

"या पलंगाचा घातपात होऊन राहिला आहे," मी सुरुवात केली. "आणि गुन्हेगार याच तंबूत आहेत."

"गुन्हेगार?" नीलिमा म्हणाली. "मामाजी, शर्यतीले एक घंटा राहिला. मले चेन आवळू द्या ना."

मी हात वर करून तिला थांबवलं आणि इंद्रजीतकडे वळलो. "तुमच्या खिशात सिरिंज आहे. काढा."

इंद्रजीतनं मुकाट्यानं काढली. "चेनला तेल घालायला आहे काका. बरोबर कडीत थेंब पडतो. नीलिमाला हवी असेल तर देऊ का?"

"दे ना," नीलिमा म्हणाली आणि तिनं ती घेतलीसुद्धा. पुराव्याची वस्तू म्हणून माझ्या हातात असायला हवी होती, ती पलंगाच्या चेनवर चालायला लागली.

"मग सारखं टाकीखाली काय पाहता?"

"वेल्डिंग. इतकं सुंदर वेल्डिंग मी अजून पाहिलं नाही. कोणी केलंय ते विचारायचं होतं, पण तुम्ही बकरीमागून माझ्याकडे बघत होतात. भीती वाटली."

तंबूत हशा पिकला. मी हुकमाचा पत्ता टाकला. साखरेची पुडी वर धरली.

"भाऊजी, ही तुमच्या खिशात काहून?"

भाऊजींनी पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शुगर आहे मले. कमी झाली की चक्कर येते. डॉक्टरनं सांगतलं, जवळ ठेव." मग हात पुढे करून म्हणाले, "दे. आत्ताच चक्कर येऊन राहिली, तुह्यामुळं."

"पण पलंग," मी म्हणालो. माझा आवाज थोडा खाली आला होता. "ताईचा पलंग कापला, याचा राग नाही तुमाले?"

 भाऊजींनी चिमूटभर साखर जिभेवर टाकली.

"मीच कापला तो," ते म्हणाले. "मीच वेल्डिंग केलं. तिले पाइप पाह्यजे होते. मले त्या पलंगावर एकट्यानं झोप येत नव्हती."

नीलिमानं चेनवरचा हात थांबवला. कोणी हसलं नाही. मला त्या वेळी खरोखर वाटलं की आपण ऑफिसात पार्सलंच सील करत बसलो असतो तर बरं झालं असतं. पण गुप्तहेराला असल्या भावनेत फार वेळ राहता येत नाही, कारण भोंगा वाजला आणि सगळे मैदानाकडे पळाले.

शर्यतीच्या दिवशी नियम वेगळा होता. झेंडा पडल्यावर गाडीला फक्त चालवणाऱ्याचाच हात लागला पाहिजे. दुसऱ्यानं हात लावला की गाडी बाद. म्हणजे आज माझ्या उपस्थितीचा प्रभाव गाडीवर पडणार नव्हता. शिवाय नीलिमानं टाकी काठोकाठ भरली होती, म्हणजे तिलाही झाकण उघडायची गरज पडणार नव्हती. मी दोरीजवळ जाऊन उभा राहणार होतो, पण शर्मिष्ठानं हाक मारली.

"एवढा तेलाचा डबा फोडून द्या, मंग जा."

तेलाचा नवा पत्र्याचा डबा होता. मी माझ्या पार्सलच्या टोच्यानं कोपऱ्यात एक सुबक भोक पाडलं आणि डबा कढईवर तिरपा केला. मैदानावर झेंडा पडला. मेळाव्याची निवेदिका भावना मैदानाकाठच्या मचाणावरून लाउडस्पीकरवर ओरडायला लागली, "और ये निकला पलंग नंबर सात!" लोकांनी शिट्ट्या मारल्या.

डब्यातून थोडं तेल आलं आणि थांबलं. मी डबा हलवला. दोन थेंब आले. पुन्हा थांबलं.

"डबा खराब आहे," मी म्हणालो. "याच्यात काहीतरी अडकवलेलं आहे. दुकानदाराचं नाव काय?"

"अवो, एकच भोक काहून पाडलं?" शर्मिष्ठानं माझ्या हातून टोच्या घेतला. "दुसरं भोक पाडा लागते. हवा आत गेल्याबिगर तेल बाहेर कसं येईन?" तिनं समोरच्या कोपऱ्यात टोच्या मारला. फुस्स असा बारीक आवाज झाला आणि तेलाची धार कढईत धो धो पडायला लागली.

शनिवारी दिवसभर हाच फुस्स मी टाकीच्या झाकणातून ऐकला होता.

लाउडस्पीकरवर भावना म्हणत होती, "अरे, पलंग को क्या हुआ? नंबर सात रुक गया है, मैदान के उस पार..."

"शर्मिष्ठा," मी म्हणालो, "गाडीच्या टाकीलेही असं दुसरं भोक राहते का?"

"मले काय मालूम? पण तेल असो की पेट्रोल, हवा त पाह्यजेच." ती वळली. मास्तरीण आहे, चेहरा वाचते. "तुमी काय केलं?"

मी खिशातून लाखेची कांडी काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं कपाळाला हात लावला. "तुमी त्या पोट्टीची गाडी पार्सल केली काय?"

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नीलिमा पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसून पुन्हा प्लग काढत होती. ओरडून ऐकू जाण्यासारखं अंतर नव्हतं. जवळ जाऊन झाकण उघडलं तर गाडी बाद. दोरीपलीकडे भाऊजी हाताची घडी घालून उभे होते. मोबाइलवाल्यानं खोली मोजायला आणलेला टेप खिशातून काढला होता. एकच रस्ता होता, आणि तो भावनाच्या मचाणावर जात होता.

मी आजवर इतका कधी पळालो नाही. मचाणावर चढलो, माइक हातात घेतला. खाली अख्खं मैदान होतं. ज्यांच्यासमोर मी तासाभरापूर्वी दोन निरपराध माणसांवर आरोप केले, ते सगळे वर पाहत होते. इंद्रजीत सोडून, तो बिचारा गाडी चालवत होता.

"नीलिमा," मी म्हणालो. माझाच आवाज चारी बाजूंनी माझ्यावर आला. "बेटा, टाकीचं झाकण पाह्य. झाकणाचं भोक बंद आहे. अज्ञात इसमानं ते लाखेनं बंद केलं."

नीलिमानं मान वर केली. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता. मचाणाखाली शर्मिष्ठा येऊन उभी होती. ती एकटक माझ्याकडे पाहत होती.

"तो अज्ञात इसम मी आहे," मी माइकमध्ये म्हणालो.

 मग असा हशा उठला की बकरीसुद्धा पळाली. मला कशाचीच पर्वा नव्हती. मी पाहत होतो की नीलिमानं केसांतली पिन काढली, झाकणावर वाकली, दोनदा खरवडलं, आणि किक मारली. पलंग गरजला.

त्यानंतर तो थांबला नाही. दोन चकरा झाल्या, तिसरी झाली, चौथी झाली. मी मचाणावरून उतरायचं विसरलो. भावनानं माइक परत मागितला तरी मी सोडला नाही आणि काय ओरडत होतो ते मला आता आठवत नाही. शर्मिष्ठा म्हणते, ते न आठवलेलंच बरं. इंद्रजीत दुसरा आला. नीलिमा सगळ्यांत शेवटी आली. तिच्या मागून रेघ ओलांडली ती फक्त बकरीनं. पण रेघ ओलांडली, आणि मी शपथेवर सांगतो, पहिल्या नंबरावर आलेल्या माणसासाठी एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

नीलिमा हेल्मेट काढून सरळ माझ्याकडे आली. मी बोलणी खायला तयार होतो.

"मामाजी, ते भोक मी पाडलं होतं. शुक्रवारी. झाकण दुसऱ्या गाडीचं होतं, त्याले हवेचं भोक नव्हतं म्हणून."

"मले सांगायचं ना."

"तुमी मले सांगायचं ना."

 तिनं मला मिठी मारली. माझ्या नव्या सदऱ्यावर दोन्ही हातांचं ग्रीस उमटलं. तो सदरा मी अजून धुवू दिलेला नाही.

भजी खाताना भाऊजी तंबूत आले. मोबाइलवाला त्यांच्यासोबत नव्हता. त्यांनी खिशातून किल्ली काढून नीलिमापुढे ठेवली आणि शेजारी बसून एक भजं उचललं.

"शटर अडकते," ते म्हणाले. "तेल दे त्याले."

नीलिमा किल्लीकडे पाहत राहिली. मग तिनं शर्मिष्ठाच्या डब्यातलं उरलेलं तेल एका बाटलीत भरून घेतलं. दोन भोकांमुळे ते झटकन आलं.

माझ्या नोंदींत हे प्रकरण पूर्ण यशस्वी म्हणून जमा आहे. गुन्हेगाराचं नाव मीच सगळ्या मैदानासमोर जाहीर केलं, हे कोणाला नाकारता येणार नाही. पुढच्या रविवारी गॅरेजचं शटर पहिल्यांदा वर गेलं. आत पलंग उभा होता, भाऊजी वेल्डिंगचा चष्मा पुसत होते, इंद्रजीत आपली चंदेरी गाडी घेऊन पहिलं गिऱ्हाईक म्हणून रांगेत होता. मी शुभकार्य म्हणून कुलपावर एक छोटंसं सील लावावं या विचारानं खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

शर्मिष्ठा दारात उभी राहून लोणच्याची जुनी बरणी उघडत होती.